गॉगल काढलेला दादा

दिग्दर्शक पहिल्यांदा घरी आला तेव्हा त्याने बूट दाराबाहेर काढले, म्हणून आईला तो आवडला. मला नाही. माझ्या भावाच्या मृत्यूवर सिनेमा काढणाऱ्या माणसाने एखादा डोंगर निदान लांबून तरी पाहिलेला असावा, एवढीच माझी अपेक्षा होती. याला आमचा जिना चढतानाच धाप लागली होती.

दादा शिखरावरून उतरताना वादळात सापडला. अंगावर बर्फाचा कडा कोसळला आणि तो गेला. त्याचं काहीच सापडलं नाही. सोबत होता लांब्या, त्याचा कॉलेजपासूनचा दोस्त. तो वाचला आणि तेव्हापासून दर रविवारी आमच्याकडे येतो.

आई त्याला दर वेळी एकच विचारायची, "शेवटी चेहरा कसा होता रे त्याचा? घाबरला होता का?"

"काकू, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता, डोळ्यांवर गॉगल. खरंच दिसला नाही."

एक थाप मारली असती तर म्हातारी सुखाने झोपली असती. पण लांब्या पडला हरिश्चंद्राचा अवतार. मला त्याचा भयंकर राग यायचा, आणि त्याच्या शब्दावर माझा विश्वास होता तोही त्यामुळेच.

सिनेमावाल्यांनी त्यालाच सल्लागार नेमलं. शूटिंग एका मोठ्या शेडमध्ये चालायचं. बर्फ म्हणजे कागदाचा भुगा, वादळ म्हणजे चार पंखे. पहिल्याच दिवशी खटका उडाला, कारण हिरोने मास्क आणि गॉगल काढून बाजूला ठेवले.

"तिथे गॉगल काढला तर डोळे जातात," लांब्या म्हणाला.

"आणि इथे ठेवला तर प्रेक्षक जातात," दिग्दर्शक म्हणाला. "सगळे सारखेच दिसतात हो. रडायचं कुणासाठी, हे कळायला नको?"

मी दवाखान्यात एक्स-रे काढते. चेहऱ्यांशी माझा संबंध कमीच येतो, काचेवर सगळे सारखेच दिसतात, त्यामुळे लांब्याने घरी येऊन हे सांगितलं तेव्हा मी पोट धरून हसले होते.

सिनेमा पुरा झाल्यावर आम्हाला छोट्या थिएटरात आधी दाखवला. तोवर माझं हसू मावळलं होतं. आई हे सगळं खरं मानून बसेल, एवढीच धास्ती उरली होती. पडद्यावरच्या दादाने कडा कोसळण्याआधी गॉगल कपाळावर चढवला, मास्क खाली ओढला, आभाळाकडे बघितलं आणि हसला. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. आईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. ती जराशी पुढे सरकून बघत होती.

दिवे लागल्यावर तिने लांब्याचा हात धरला. "दिसला रे. घाबरला नव्हता."

लांब्या काहीतरी बोलणार, तेवढ्यात मी त्याला कोपराने ढोसलं. त्यानंतर आईला झोप लागायला लागली, जेवणही जाऊ लागलं. खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं.

गेल्या रविवारी आम्ही तिघं चहा पीत होतो. आई भिंतीवरच्या दादाच्या फोटोकडे टक लावून बघत होती. फोटो मीच काढलेला. दादा त्यात ओठ मिटून हसतोय. पुढचा दात वाकडा होता, त्याची त्याला लाज वाटायची.

"हा उतरवा बाई," ती म्हणाली. "नीट आलेलाच नाही. त्याच्यासारखा वाटत नाही."

"आई, दादाच आहे तो!" माझा आवाज चढला.

"तू गप्प बस. तू घरी होतीस." ती लांब्याकडे वळली. "शेवटी तू होतास त्याच्याजवळ. तू सांग, असा दिसायचा का तो?"

लांब्याने फोटोकडे बघितलं आणि मी लांब्याकडे. इतकी वर्षं खरं बोलून आम्हाला छळलंस, आता एकदा आणखी बोल, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं.

"नाही, काकू," तो म्हणाला.

इतका उंच की त्याला खुर्चीसुद्धा लागली नाही. त्याने हात वर केला, फोटो उतरवला आणि माझ्याकडे न बघता माझ्या हातात दिला.