थोरलीचा सिनेमा

धाकटीने एक खोली पाहून ठेवली होती. घरात कुणाला म्हणजे कुणालाच पत्ता नव्हता. तिसरा मजला, एक खिडकी, एक ओटा आणि कोपऱ्यात न्हाणीघर. मालकिणीला तिने सोमवारी कळवते म्हणून सांगितलं होतं, आणि रविवारी दुपारी ती थोरल्या बहिणीकडे निघाली. हा विषय बोलायचा तर त्याच एका माणसाशी बोलता येण्यासारखा होता.

धाकटी कवळ्या करायची. प्लास्टरच्या साच्यावर मेण चढवायचं, मेणात एकेक दात बसवायचा, परक्या माणसाच्या तोंडाचा अंदाज घेत घासायचं. दिवसभर लोकांच्या हसण्याची सोय करायची आणि घरी आल्यावर आपले दात ओठांआड ठेवायचे, असं तिचं वर्षानुवर्षं चाललं होतं. नवरा वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान सांगायला कारण मिळालं असतं. तो टीव्हीचा आवाज मोठा ठेवायचा, जेवताना फोनवर बोलायचा आणि ती खोलीत आली की मान वर न करता काहीतरी मागायचा. त्या घरात शांतता यायची ती वीज गेल्यावर.

थोरलीचं सगळं उलट. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तिने जन्मभर जमिनीखालच्या नळांचे नकाशे काढले, लग्न केलं नाही, आणि आता निवृत्तीनंतरही त्याच एका खोलीत राहत होती. टेबल, दिवा, खिडकीपाशी खुर्ची. तिथून परतताना धाकटीच्या मनात दरवेळी यायचं, की जगावं तर हिच्यासारखं.

त्या जगण्याचं मूळ एका सिनेमात आहे, अशी धाकटीची पक्की समजूत होती. धाकटी शाळेत होती आणि थोरली कॉलेजात, तेव्हा दोघींनी तो दुपारच्या खेळाला पाहिला होता. एक बाई सार्वजनिक तलावाच्या खिडकीत बसून पोहायला येणाऱ्यांना तिकिटं देते. संध्याकाळी शेवटच्या थांब्यापर्यंत बसने जाते आणि त्याच बसने परत येते. खोलीवर येऊन दिवा लावते. बस्स, एवढंच. आजूबाजूचे लोक जांभया देत उठून गेले. थोरली मात्र अंधारात मुळूमुळू रडत होती, आणि धाकटीने हात धरला तेव्हा म्हणाली होती, “किती छान सिनेमा आहे गं.”

पुढे घरात लग्नाचा विषय निघाला, की थोरली हसून सांगायची, मला त्या तलावावरच्या बाईसारखं राहायचंय. घरच्यांनी आधी थट्टा केली, मग समजूत घातली, मग नाद सोडला.

तोच सिनेमा आता इंटरनेटवर सापडला होता. धाकटीच्या मुलाने तो लॅपटॉपवर उतरवून दिला होता. आधी दोघींनी मिळून तो पाहायचा आणि मग खोलीचं सांगायचं, असं धाकटीने ठरवलं होतं. थोरलीने आढेवेढे घेतले, डोळे दुखतात म्हणाली, पण शेवटी पडदा ओढून बसली.

सुरुवातीला धाकटी खुशीत होती. तलावाचं हिरवं पाणी, ओल्या फरशीवरची पावलं, सगळं आठवत होतं तसंच होतं. पण हळूहळू तिला न आठवणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. ती बाई तिकीट देताना समोरच्याच्या तोंडाकडे आशेने पाहत होती, आणि उलट तिच्याकडे बघणारं कुणी नव्हतं. बसमध्ये शेजारची जागा रिकामी असूनही ती पिशवी मांडीवरच ठेवत होती, कुणी बसलंच तर म्हणून. आणि शेवट? शेवटी ती बाई खिडकीत उभी राहून शहराकडे बघत हसते, हे धाकटीने स्वतःच्या मुलांनासुद्धा रंगवून सांगितलं होतं. पडद्यावर ती हसली नाही. तिने खिडकी लावून घेतली, आतून कडी नीट बसली का ते पाहिलं आणि सिनेमा संपला.

“ही हसायची ना गं?” धाकटीने विचारलं.

“मला काय माहीत,” थोरली म्हणाली. “मी तेव्हा सिनेमा पाहिलाच नव्हता.”

मग ती बोलली. फार नाही, तुटक तुटक. तिच्या वर्गात एक जण होता. दोघांचं ठरल्यासारखं होतं. त्या दिवशी सकाळी त्याने सांगितलं, की त्याचं दुसरीकडे जमलंय. रडायचं तर घरात जागा नव्हती, म्हणून ती अंधार शोधत थिएटरात गेली, आणि घरातून एकटीला सोडत नसत म्हणून धाकटीला सोबत घेतलं. पुढे लोक कारण विचारू लागले तेव्हा सिनेमा बरा हाताशी आला.

“कुणी नाकारलं म्हणण्यापेक्षा हौस आहे म्हणणं सोपं पडतं,” ती म्हणाली. “एकदा म्हटलं की मग निभवावं लागतं.”

जिच्या खोलीचा जन्मभर हेवा केला, त्या खोलीत धाकटी पहिल्यांदाच आल्यासारखी बघत राहिली. आणि मग, आता न सांगण्यात अर्थ नाही म्हणून, तिने आपली खोली सांगून टाकली.

थोरली रागावली नाही, समजूतही घातली नाही. ऊन येतं का, पाणी किती वेळ असतं, एवढं विचारलं. मग म्हणाली, “पडलीस तर दार उघडायला कोण आहे?”

“पडेन कशाला ताई?”

“मीही तेच म्हणायचे.”

मागच्या थंडीत ती न्हाणीघरात घसरली होती. उठता येईना. नळावर हातातला तांब्या आपटत राहिली, पण खालच्यांना वाटलं दुरुस्ती चाललीय. दुसऱ्या दिवशी झाडूवालीने दार वाजवलं तेव्हा कळलं. धाकटीला तेव्हा फोनवर सर्दी झालीय म्हणून सांगितलं होतं.

“माझ्याकडे चल राहायला,” धाकटी म्हणाली.

“तुझ्या घरातून तूच पळतेयस, आणि मला नेतेस?”

थोरलीने चहा केला, दोघींनी तो घेतला. उजेड असतानाच निघ, बस भरते मग, असं सांगून तिने धाकटीला वाटेला लावलं.

सोमवारी धाकटीने मालकिणीला नको म्हणून कळवलं. ती खोली त्याच आठवड्यात कुणा नर्सला गेली. घरी टीव्हीचा आवाज होता तेवढाच राहिला, आणि धाकटी पूर्वीसारखीच मेणात दात बसवत राहिली. फक्त आता जगावं तर कसं, याचं तिच्याकडे काही उत्तर उरलं नाही.

रोज सकाळी कामाला बसण्याआधी ती थोरलीला फोन लावते. बोलण्यासारखं दोघींकडे फारसं नसतं. थोरली फोन उचलते, “आहे गं,” म्हणते आणि ठेवून देते.