रविवारच्या बुटांचा ब्रश

मी बुटांचा ब्रश बोलतोय. थोडक्यात सांगेन. जास्त बोलायची मला सवय नाही, आणि ज्याच्या हातात माझं आयुष्य गेलं त्यालाही नव्हती.

पाठीला लाकूड, पोटाला घोड्याचे केस. एका कारागिरानं ते केस झुबक्याझुबक्यानं भोकांत ओवले आणि तारेनं आवळले. आजवर एकही झुबका सुटलेला नाही.

मला विकत घेतलं एका पहारेकऱ्यानं. गोदामाच्या फाटकावर तो एकतीस वर्षं उभा राहिला. तिथं हजेरीला बूट तपासत. मळके दिसले की त्या दिवशी घरी परत. तो एकदाही परत आला नाही. ते माझं काम. त्यामुळे त्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. बूट चकाकले की माणसाला कुणाची भीती नाही.

तो निवृत्त झाला तेव्हा मुलगा विमा कंपनीत लागलेला होता. काम काय, तर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. पाच दिवस शिव्या खायच्या आणि वर 'धन्यवाद' म्हणायचं. रविवारी चार वाजले की तो गप्प. खिडकीशी उभा. रात्रीचा घास घशाखाली उतरत नसे. पस्तिशीचा बाप्या, पण चेहरा शाळेत ढकललेल्या पोरासारखा.

म्हाताऱ्याचा जीव तुटायचा. पण विचारायचं कसं, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. चार वाजले की तो मला घेऊन उंबऱ्यात बसायचा आणि मुलाचे बूट घासायचा.

"बाबा, फोनवर बूट दिसत नाहीत हो," सून म्हणायची.

"बूट नाही दिसत. ताठा ऐकू येतो."

पोराचं गप्प होणं काही थांबलं नाही. म्हाताऱ्याला वाटलं, आपणच उशीर करतोय. तो तीनला बसू लागला. मग जेवण झाल्या झाल्या. शेवटी एकदा सकाळीच, चहाच्याही आधी.

त्या दिवशी पोरगा ओरडला, "बाबा, बास करा! पॉलिशचा वास आला की माझा सोमवार सुरू होतो. आधी निदान दुपारपर्यंत तरी रविवार असायचा."

म्हाताऱ्याचा हात बुटावरच थांबला. तीन वर्षं आम्ही दोघं त्याचा रविवार घासून घासून संपवत होतो.

"मग करू काय मी?"

"काही नका करू. माझ्याजवळ नुसते बसा."

"नुसता बसायला मी काय पाहुणा आहे?"

त्यानं मला पॉलिशच्या डबीसकट फळीवर टाकलं. त्यानंतर दर रविवारी चारला तो चपला घालून बाहेर पडायचा. बाप रस्त्यावर, लेक खिडकीशी. दोघंही एकमेकांची वाट बघत होते, पण आधी बोलणार कोण?

चार महिन्यांनी म्हाताऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. जीभही जड झाली. पुढच्या रविवारी खाटेवर पडल्या पडल्या तो एकच शब्द बोलला.

"बूट."

पोरानं मला काढलं, बूट आणले. मला बापाच्या हातात दिलं, पण बोटं मिटेनात. मग पोरानं त्या हातावर स्वतःचा हात धरला. एक बूट झाला. तेवढ्यात म्हाताऱ्याला धाप लागली.

"दुसरा राहू द्या, बाबा. आपण बसू."

पहिल्यांदाच त्यानं पोराचं ऐकलं. पोरगा खाटेला टेकून खाली बसला. अंधारून आलं तरी कुणी दिवा लावला नाही. चार कधी वाजून गेले ते पोराला कळलंही नाही.

सोमवारी तो कामावर गेला. एक बूट चकचकीत, एक मळका. दुपारी सुनेचा फोन गेला. तो धावत आला, पण बाप थांबला नव्हता.

आता तो कापडी बूट घालतो. मला काम नाही. रविवारचे चार वाजायचे राहत नाहीत, आणि तो खिडकीशी जायचाही राहत नाही. सून हातातलं टाकून त्याच्याजवळ जाऊन बसते. एखाद्या रविवारी तो जेवतो, एखाद्या रविवारी नाही.

मला घासण्यापलीकडे काही कळत नाही. माझ्या मालकालाही कळत नव्हतं. माया मात्र खोटी नव्हती. तुमच्या घरात कुणी असं गप्प होत असेल, तर काम काढून बसू नका. त्याला विचारा, आणि तो सांगेल तेवढंच करा. आम्हाला तशी एकच संध्याकाळ मिळाली.