वजदीचे दंड

दमनहूरच्या दवाखान्यात नव्या डॉक्टरीणबाईंनी वजदीचा वीर्यतपासणीचा रिपोर्ट उलटसुलट करून पाहिला.

"हा पाच वर्षांपूर्वीचा आहे. नवा कुठाय?"

"तेव्हा उत्तम होता की! एवढ्यात काय नासणार?" वजदी हसला. बाह्यांतून त्याचे दंड फुटून बाहेर येऊ पाहत होते.

शेजारी त्याची बायको इनास बसली होती. मूल होत नाही म्हणून दोन वर्षं ती स्वतःच्या पोटात औषधाच्या सुया टोचून घेत होती. गेल्या खेपेला बीजकोश इतके सुजले, की पोटात पाणी भरलं. आठ दिवस इस्पितळात धड श्वास घेता येत नव्हता. वजदी उशाशी बसून उकडलेली अंडी सोलत म्हणायचा, "सोस गं. पोर हवंय ना आपल्याला?"

"शर्ट काढ," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्याची पाठ लालभडक पुटकुळ्यांनी भरलेली होती. "जिममध्ये कसलं इंजेक्शन घेतोस?"

"जीवनसत्त्वं. कॅप्टन देतो, आमचा जिमचा मास्तर."

त्यांनी औषधाचं नाव विचारलं. ते ऐकून त्या इनासकडे वळल्या. "हे पुरुषी हार्मोन आहे, पोरी. बाहेरून एवढं आलं, की मेंदूला वाटतं भरपूर झालं. मग तो अंडकोषांना हुकूम देणंच थांबवतो. बीज तयार होत नाही."

त्याच आठवड्यात तपासणी झाली. शुक्रजंतू एकही नाही.

परतताना इनासने विचारलं, "तुला माहीत होतं?"

"कॅप्टन म्हणाला होता, जरा परिणाम होतो म्हणून."

"कधी?"

"सुरुवातीलाच. अगं, पण सोडलं की होतं ठीक. शरीरसौष्ठवाची स्पर्धा आटोपली की सोडणारच होतो." मग तिला कोपराने ढोसून म्हणाला, "तूही टोचत होतीस, मीही टोचत होतो. जोडा शोभतो की नाही?"

ती त्याच्यापासून दूर सरकली. गेल्या रमजानात कॅप्टन गावी गेला होता, तेव्हा ते तेलासारखं दाट औषध तिनेच वजदीला टोचलं होतं. हात हलका आहे म्हणून त्याने कौतुकही केलं होतं. आता तिला स्वतःच्या बोटांचीही किळस वाटली.

घरी सासूने ऐकून घेतलं आणि दाराला कडी लावली. सून वांझ आहे, हे तिनेच गल्लीभर केलं होतं. "हळू बोल," ती म्हणाली. "पुरुषाचं असलं काही बाहेर सांगतात का?"

"माझं सांगताना कडी लावली होती का, आई?"

त्या दिवसापासून वजदीने जेवताना ओठ चाटले तरी तिला शिसारी येई. महिन्याभरात ती भावाकडे, रशीद गावाला निघून गेली. लग्नात नवऱ्याकडून मिळालेली मेहेरची रक्कम परत करून कोर्टात काडीमोड मागितला.

नऊ महिन्यांनी कोर्टाची तारीख जवळ आली, तेव्हा वजदी तिथे आला. औषध सोडल्याने दंड उतरले होते, छाती लोंबत होती. हातात नव्या वीर्यतपासणीचा कागद होता.

"दोन कोटी!" तो दारातूनच ओरडला. "डॉक्टरीण म्हणाली, आता हरकत नाही. चल घरी."

इनासने कागदाला हात लावला नाही. त्याच्याकडून हे आपल्या अंगात घ्यायचं, या विचारानेच तिच्या तोंडाला पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

"दुसरीला दाखव," ती म्हणाली.

"एवढ्याशावरून? अगं, मी व्यायाम सोडला तुझ्यासाठी!"

तिने दार लावून घेतलं. खाली उतरून तो तिच्या भावाला आकडा समजावून सांगू लागला. भाऊ मासे साफ करत होता. त्याने मान वर केली नाही.