दगडाचा कापूस

नौपाड्याच्या दवाखान्यात शालू आली ती लेकीच्या, दर्शनाच्या, हट्टापायी. नाहीतर मेलेल्या माणसाची चौकशी करून कुणाचं भलं झालंय? पण डॉक्टर योगिनीबाईंचं म्हणणं, छातीच्या आजाराने गेलेला माणूस जन्मभर कुठे कुठे राबला ते नोंदवायलाच हवं. दाखल्यावर नुसतं ‘दमा’ लिहिलं की खरं कारण मोकळं सुटतं.

शालूच्या नवऱ्याचं, गणूचं, शेवटचं काम वॉचमनचं. त्याआधी? कोलशेतला कापसान होते, शालूने सांगितलं. दर्शनाने लगेच सारवासारव केली, आईला सूतगिरणी म्हणायचंय. बाईंनी तसं लिहिलंसुद्धा. शालूचं डोकं फिरलं. चार बुकं शिकली म्हणून पोरीने बापाची कंपनीच बदलावी?

“गिरनी नाय. दगडाचा कापूस. सिमेंटच्या पत्र्यान घालतात तो.”

बाईंचा हात थांबला. म्हणजे अॅस्बेस्टॉस, त्या म्हणाल्या. मग सावकाश समजावलं. त्याची बारीक कुसळं श्वासातून आत जातात, तीस-चाळीस वर्षं गप्प बसतात आणि मग माणसाला खातात. कामगाराचे कपडे झटकणारीलाही सोडत नाहीत. ते कपडे घरी कोण धूत होतं?

कोण धुणार? शालूच. आपल्या गोवऱ्या तशाही मसणात गेल्यात, म्हटलं तिने मनाशी.

आणि मग तिला ती पोती आठवली. कापसाची रिकामी पोती कंपनी फुकट द्यायची. गणू हौसेने आणायचा, आणि शालूने त्यांचीच गोधडी शिवली होती. तान्ही दर्शना तिच्यावर लोळायची. शाळेत जाईपर्यंत लोळली. केसांना पांढरी पिसं चिकटली की म्हातारी झाली गो माझी बाय, म्हणून शालू हसत फुंकर मारायची.

घरात आणखी कोण होतं, बाईंनी विचारलं.

शालूने दर्शनाकडे पाहिलं. बोलावं तर पोर हबकणार, गप्प बसावं तर तिला कुणी तपासणार नाही. देवा, माझं काय ते कर, पण हिला सोड. तिने दर्शनाचा हात घट्ट धरला.

“हिचा बी नाव लिवा.”

“माझं कशाला? मी कधी कंपनीत गेले, आई?”

“तू नाय गेलीस, बाय. मीच कंपनी तुझे अंथरुनान आनली.”