देवीला उजवी घालून

कमळाकाकीच्या वाडीतून वाघणगडावर जायच्या वाटा दोन. एक सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून. दुसरी हरिश्चंद्र तात्यांच्या हापूसच्या बागेतून. दोन्ही जोडल्या की पूर्ण फेरी होते. गडावर आता दोन बुरूज आणि पाण्याचं एक टाकं एवढंच उरलंय. फेरीच्या गोलाच्या आत, डोंगराच्या कुशीत, जाखमातेचं देऊळ आहे.

ही फेरी मी काकीसाठी आखली. तिने घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी रंगवून घेतल्या होत्या. मुंबईत असलेला तिचा मुलगा केतन तिला एकच हंगाम द्यायला तयार होता. खोल्या चालल्या तर ठीक, नाहीतर घराला कुलूप लावून तिने त्याच्याकडे विरारला यायचं. शनिवारी पुण्याहून भटक्यांचा पहिला गट येणार होता.

मी भूशास्त्र शिकले, त्यामुळे आखणी उन्हाच्या हिशेबाने केली. मे महिन्यात दुपारचा जांभा तव्यासारखा तापतो. म्हणून सकाळी गारव्यात सडा, मग गड, आणि ऊन चढल्यावर बागेच्या सावलीतून उतरायचं. सोमवारी एकटीने चालून वाट फोनवर नोंदवली आणि काकीला दाखवली. "बरा गोल आलाय," ती म्हणाली.

गुरुवारी मी पुन्हा एकदा निघाले. गडावरून उतरून बागेच्या गडग्याशी आले, तर त्या दगडी कुंपणातली ये-जा करायची फट काटेरी फांद्यांनी बंद. पलीकडे तात्या रिकाम्या क्रेटवर बसलेले.

"वाट बंद आहे गो, मनस्वी."

मी काकीला फोन लावला. ती खालून बागेतूनच तरातरा चढून आली.

"तात्या, हे काटे कशाला?"

"आंबे आहेत झाडावर. तुझे पुणेकर खिसे भरून नेतील."

"ते? ते आंबा आधी हुंगणार, मग दाबणार, मग घरी विचारून सांगतो म्हणणार. ते कसले चोरतात! आणि शिमग्यात अख्खा गाव पालखी घेऊन तुमच्या बागेतून जातो तो?"

"जातो. इथून चढतो आणि सड्यावरून उतरतो." तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. "ही सोमवारी कुठून आली, विचार. देवीला डावी घालून आली. पोर आहे म्हणून गप्प बसलो. पण आता दर शनिवारी माणसं आणून उलटी फिरवणार? माझ्या बागेतून नाय."

काकी माझ्याकडे वळली. "उलटी फिरलीस गो? मला तर नुसता गोल दाखवलास!"

खरं होतं. फोनवरच्या रेषेवर बाण नव्हता, आणि मीही दिशा सांगितली नव्हती. मी रत्नागिरीत वाढले. शिमग्याच्या वेळी कायम परीक्षा, त्यामुळे पालखी कधी पाहिलीच नव्हती.

"मग तात्यांचं बरोबर आहे," काकी म्हणाली आणि पदराने तोंड पुसत गडग्याला टेकली. "शनिवारी पाहुण्यांना काय, खोल्यांचा रंग दाखवू?"

मी विचार केला. दिशा बदलली तर सडा शेवटी येतो, भर दुपारी. ते शक्य नव्हतं. पण निघायलाच सकाळ हवी, हे माझं मीच ठरवलं होतं.

"तात्या, दुपारी तीनला बागेतून चढवलं तर? सड्यावर पोचेस्तो ऊन उतरेल."

"देवी उजवीकडे?"

"उजवीकडे."

"मग तीनच्या आधी काटे काढतो. आणि हुंगायचे असतील तर पेटीतले हुंगा म्हणावं, झाडाला हात नाय."

"मग आता मला सोडा. घर इथूनच दिसतंय."

"आता तू कुठून आलीस?"

मी काकीकडे पाहिलं. तिने पाण्याची बाटली गडग्यावरून माझ्या हातात दिली. "जा, सड्यावरून ये. भात झाकून ठेवते."

तापलेल्या जांभ्याबद्दलचं माझं अनुमान अचूक निघालं.

शनिवारी फट मोकळी होती. सड्यावर पोचलो तेव्हा कातळ कोमट होता आणि लांब समुद्र तांबूस दिसत होता. रात्री जेवताना गटातल्या एका बाईंनी दिवाळीनंतरच्या तारखा विचारल्या, आणि मग म्हणाल्या, "तेव्हा थंडी असेल. ही फेरी उलटीकडून केली तर चालेल?"

"चालेल की," काकी त्यांच्या पानात सोलकढीची वाटी ठेवत म्हणाली, "पण मग जेवण विरारला."