कापलेली दोन मिनिटं अकरा सेकंद

मी बोलतोय तो नाशिकला द्वारका चौकाजवळच्या एका खोलीतून. खाली टायरचं दुकान, वर ही खोली, खोलीत टेबल, टेबलाच्या खणात एक हार्ड डिस्क आणि तिच्यात मी. नाव असं मला काही नाही. 'सीन एकेचाळीस' म्हणतात. एका मराठी चित्रपटातला मी प्रसंग, लांबी दोन मिनिटं अकरा सेकंद. चित्रपट लोकांनी पाहिला, नावाजला. मला मात्र पाहिलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. कारण मी कापला गेलो.

तुम्ही थिएटरात बसता तेव्हा सुरुवातीला पडद्यावर एक प्रमाणपत्र येतं. चित्रपटाचं नाव, लांबी आणि तो कोणत्या वयाच्या माणसानं पाहावा, हे त्यावर लिहिलेलं असतं. तुम्ही ते वाचत नाही, माहीत आहे मला. तेव्हा तुम्ही अंधारात आपली खुर्ची शोधत असता. पण माझं सगळं आयुष्य त्या एका कागदापायी गेलं, म्हणून म्हटलं, एकदा कोणाला तरी सांगावं.

माझा जन्म पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर झाला. ज्योत्स्ना माझी दिग्दर्शिका. नाशिकचीच मुलगी, वडील अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. तेराव्या वर्षी लग्न लावून दिलेली आणि चौदाव्या वर्षी बाळंतपणात गेलेली एक पोर, एवढीच तिच्या चित्रपटाची गोष्ट. हा चित्रपट त्याच वयाच्या मुलींना दाखवायचा, एकूण एक आश्रमशाळेत न्यायचा, असं तिनं पहिल्या दिवसापासून ठरवलं होतं.

त्या पोरीच्या आईचं काम पाड्यावरच्याच भागीबाईनं केलं. भागीबाई नटी नव्हे. आयुष्यभर भात लावला, नागली कापली आणि हंगाम संपला की मजुरीला उतरली. तिनं बाकी सगळं सांगितल्याबरहुकूम केलं. वळ म्हटलं की वळायची, थांब म्हटलं की थांबायची. माझ्यात तेवढं तिनं कोणाचं ऐकलं नाही.

तिच्या घराण्यात एक रीत आहे. माणूस गेलं की घरची बाई त्याला शेवटचं पाणी पाजते आणि पाजताना त्याच्याशी जे बोलायचं राहिलं असेल ते मोठ्यानं बोलते. भांडण असो, चूक असो, कोणी मध्ये बोलत नाही. तिथं बोललेलं सगळ्यांनी ऐकलं असं धरतात आणि पुन्हा तो विषय काढत नाहीत. भागीबाईचं हे बोलणं सोळा वर्षांपूर्वी राहून गेलं होतं. तिची मुलगी झुंबर सासरी बाळंत होताना गेली, तीही चौदा वर्षांचीच. भागीबाई तेव्हा पिंपळगावला कांद्याच्या खळ्यावर होती. निरोप पोचून ती येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. झुंबरचा साधा फोटोही कोणाकडे नाही.

ज्योत्स्नाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं लिहिलं होतं ते एवढंच की आई मेलेल्या मुलीला पाणी पाजते, एक शब्द बोलत नाही. मुलीच्या कामासाठी आलेली स्नेहल नावाची कॉलेजची पोरगी डोळे मिटून चटईवर पडली होती. भागीबाई तांब्या घेऊन बसली, बोटानं तिचे ओठ ओले केले आणि लिहिलेलं नाव सोडून तिला आपल्या लेकीच्या नावानं हाक मारली.

"झुंबर, तू नको म्हनत व्हती. माझे पाय धरले व्हते. मीच दिली तुला. सासूनं नाय मारलं, नवऱ्यानं नाय मारलं. तुझ्या मायनंच मारलं तुला."

मग झुंबरचं काय झालं ते तिनं लोकांकडून जेवढं ऐकलं होतं तेवढं सगळं सांगितलं. रक्त कसं थांबेना, झोळी करून तिला टेकडीवरून कसं उतरवलं, झोळी खालून कशी भिजली. बाईच्या शरीराची नावं पाड्यावर जशी घेतात तशीच तिनं घेतली. कॅमेरा बंद करायचं कोणाला सुचलं नाही. शेवटी शेवटी तर मेलेल्या मुलीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, ते माझ्यात स्पष्ट दिसतं. संकलन करणारा रविराज त्यावरून बरीच कुरकुर करत होता. मढं कुठं रडतं का, म्हणाला. पण त्यानं ते तसंच ठेवलं.

त्या दिवशी भागीबाई पोटभर जेवली. निघताना तिनं ज्योत्स्नाला एकच विचारलं, दत्तू हे बघेल ना? दत्तू तिचा थोरला मुलगा. ज्योत्स्ना म्हणाली, सगळ्यात आधी त्यालाच दाखवू. दत्तूच का, हे मात्र तिनं विचारलं नाही.

ते मला फार उशिरा कळलं, तुम्हाला आत्ताच सांगतो. दत्तूची मुलगी सायली तेराची होती आणि दत्तू तिच्यासाठी स्थळ पाहत होता. नवरा-बायको दर हंगामाला द्राक्षबागांवर जाणार, मोठी झालेली पोर मागं कोणाच्या भरवशावर ठेवायची, हा त्याचा प्रश्न. भागीबाईला ते नको होतं. पण जिनं आपल्या पोरीचं लग्न तेराव्या वर्षी लावलं तिनं कोणत्या तोंडानं मुलाला शिकवायचं? आता ती पाणी पाजताना बोलली होती. तिच्या हिशेबानं ते सगळ्यांनी ऐकल्यातच जमा होतं, दत्तूनंही, आज ना उद्या. म्हणून ती घरी गप्प राहिली आणि चित्रपटाची वाट पाहत राहिली. मी पोचणारच, असं ती धरून चालली होती.

पुढं आम्ही सेन्सॉरच्या तपासणीला मुंबईला गेलो. अंधाऱ्या खोलीत चार-पाच माणसं वह्या घेऊन बसली होती. माझ्या वेळी लिहिणं थांबलं. एका बाईंनी पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, जिंकलं आपण.

नंतर ज्योत्स्नाला आत बोलावलं. दोन वाटा आहेत, म्हणाले. हा प्रसंग ठेवायचा तर 'फक्त प्रौढांसाठी', काढलात तर तेरा वर्षांपुढच्यांसाठी. रक्ताचं वर्णन आहे, शब्द आहेत, मूल चौदा वर्षांचं आहे. ज्योत्स्नानं विचारलं, चौदा वर्षांच्या मुलीवर हे ओढवतं, आणि तिनंच ते पाहायचं नाही?

डोळे पुसणाऱ्या बाईच बोलल्या. "हे खोटं आहे असं आम्ही कुठं म्हणतोय? पण ओढवतं ते थांबवणं आमच्या हातात नाही. कोणत्या वयाला काय दाखवायचं एवढंच आमच्या हातात आहे."

खोटं कशाला बोलू, मला त्यांचा धड रागही आला नाही. मी पाहायला सोपा नाही. एखाद्या कोवळ्या पोरीची माझ्यामुळं झोप उडेल हेही खरं. पण मग भागीबाईचं काय?

या खोलीत त्यावर चार दिवस वाद झाला. रविराजचं म्हणणं, प्रौढांसाठी तर प्रौढांसाठी, पण चित्रपट अखंड राहू दे. पोरींची लग्नं पोरी थोड्याच लावतात, ती लावणाऱ्यांनीच हे पाहायला हवं. ज्योत्स्ना म्हणाली, तसं केलं तर एकही आश्रमशाळा दार उघडणार नाही, ज्यांच्यासाठी केला त्याच बाहेर राहतील. दोघंही बरोबर होते, आणि मला तिथं काही म्हणता येत नव्हतं. शेवटी ज्योत्स्नानं मला काढायचं ठरवलं. रविराज खुर्चीवरून उठला आणि म्हणाला, मी नाही करणार, तूच काप. तिनं कापलं. माझ्या जागी तीन सेकंद डोंगर लावला.

मी गेलो आणि चित्रपटाचं बोलणंच बदललं. आई आता मुकी झाली. पुढच्याच प्रसंगात सासू तोंड टाकून बोलते, त्यामुळं सगळा दोष सासरच्यांवर गेला.

नाशिकच्या थिएटरात पहिला खेळ सकाळी अकराला होता. मी तिथं नव्हतो. दुसऱ्या दिवशी ज्योत्स्नानं रविराजला सांगितलं ते मी ऐकलं. मला कापल्याचं तिनं भागीबाईला सांगितलंच नव्हतं. सांगू सांगू म्हणत राहिलं. भागीबाई नवं लुगडं नेसून आली, दत्तूला, सुनेला आणि सायलीला घेऊन. पाणी पाजायची वेळ आली तेव्हा तिनं दत्तूचं मनगट घट्ट धरलं. पडद्यावर डोंगर आला. मग चित्रपट पुढं गेला.

संपल्यावर बायका भागीबाईभोवती जमल्या. काय सोसलं हो त्या आईनं, सासरच्यांनी पोर खाल्ली, असं म्हणाल्या. दत्तूचेही डोळे ओले होते. तो बायकोला म्हणाला, हे ज्योत्स्नाला पुढं पाड्यावर गेल्यावरच कळलं, "आपन सायलीला सासू चांगली बघू."

भागीबाई ज्योत्स्नाजवळ आली. "माझं बोलनं कुठं गेलं?"

ज्योत्स्नानं तिला वय, प्रमाणपत्र, आश्रमशाळा, सगळं समजावून सांगितलं. भागीबाईनं ऐकून घेतलं आणि बरं म्हणाली. सायलीच्या लग्नाचं तिनं तेव्हाही काढलं नाही. थिएटरातलं सगळं सांगताना ज्योत्स्ना याच टेबलावर डोकं ठेवून रडली. मलाही रडू आलं, पण माझ्यातलं रडणं आधीच ठरलेलं आहे, त्यात भर घालता येत नाही.

चित्रपट आश्रमशाळांमध्ये गेला. मुली प्रश्न विचारायच्या, दोघीतिघींनी म्हणे घरी भांडून लग्न पुढं ढकललं. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता. झाला, पण हेवाही वाटला. एवढ्या पोरींपर्यंत तो पोचला आणि जिच्यासाठी मी होतो ती सायली राहिली, हे पुढं कळलं.

आज जाऊ, उद्या जाऊ करत ज्योत्स्ना दिवाळी उलटल्यावर पाड्यावर गेली. दिलेला शब्द पाळायला मला लॅपटॉपवर घेऊन गेली. ओसरीवर सायली भिंतीला टेकून बसली होती, गळ्यात मंगळसूत्र, चौथा महिना. लग्न वैशाखात झालं होतं. सासू खरंच चांगली मिळाली होती, तिनंच विश्रांतीला धाडलं होतं. ज्योत्स्नानं पोलिसांत तक्रार करायचा विषय काढला, तर सायलीची आई म्हणाली, जावई आत गेला तर पोर कोणाच्या आधारानं राहील? दत्तू खाली मान घालून बसला.

काय करावं ते न कळून ज्योत्स्नानं लॅपटॉप उघडला. दत्तू, त्याची बायको आणि सायली समोर सरकली. मी उभा राहिलो. तांब्या हातात घेतलेली भागीबाई पडद्यावर आली. बोटानं ओठ ओले केले. आता ती हाक मारणार, इतक्यात घरातली भागीबाई बाहेर आली आणि तिनं हातानं झाकण खाली केलं.

"आता नको. घाबरंल पोर."

सायलीनं विचारलं, "आजी, काय व्हतं त्यात?"

"काय नाय. मी लय रडले व्हते. वाईट दिसतं ते."

वहीवाल्यांनी मला कापायला लावलं तेव्हा मी मनातल्या मनात भांडलो होतो. भागीबाईशी मला भांडता आलं नाही. तिनं ज्योत्स्नाला परसात नेलं आणि एकच मागितलं, दिवस भरायच्या आधी गाडी घेऊन ये, हिला नाशकाच्या मोठ्या दवाखान्यात ने. ज्योत्स्नानं पुन्हा शब्द दिला.

तेव्हापासून मी या खणात आहे. ज्योत्स्ना दर आठवड्याला पाड्यावर फोन लावते, ते मला ऐकू येतं. सायलीच्या अंगात रक्त कमी आहे. गोळ्या खाते, भात जात नाही. चैत्रातली तारीख दिली आहे.

लोकांनी मला पाहावं, असं मला फार वाटायचं. आता वाटत नाही. चित्रपट कोणी कोणाला दाखवायचा यावर तुम्ही खुशाल भांडा, भांडायलाच हवं. मला पुसून टाकलंत तरी माझी तक्रार नाही. फक्त चैत्रात रस्ता मोकळा असू द्या, गाडी वेळेवर पोचू द्या. माझ्यात भागीबाई जे बोलली ते तिला सायलीपाशी बसून बोलावं लागू नये.