चढावर धरलेली जीप

पौषातल्या सकाळी आमच्या दारापुढच्या चढावर धुकं आणि करपलेल्या क्लचचा वास एकत्रच उतरायचे. धुक्याला ओल्या पेंढ्याचा गंध, क्लचला तव्यावर विसरलेल्या भाकरीचा. आणि त्या दोहोंच्या मागून जीपचा तो घुमणारा, किंचित थरथरता, पुढे न जाणारा आणि मागेही न येणारा आवाज. आमचे हे गाडीत बसलेले असत. डावा पाय क्लचवर अर्धाच दाबलेला, उजवा अ‍ॅक्सिलरेटरवर, मान ताठ, नजर समोर तोरण्याच्या माथ्यावर हळूहळू पसरणाऱ्या पिवळ्या उन्हाकडे. घराकडे म्हणून पाहायचे नाहीत. मी आत वेणीला शेवटचा पीळ देत पुटपुटायची, "जाळा, जाळा अजून क्लच!" आणि मग डबा, पर्स, शाळेच्या वह्या सावरत धावत सुटायची.

विंझर ते पासली त्यांची वडापची, माणसं भरून नेणारी जीप होती. मी त्याच वाटेवरच्या वेल्ह्याच्या शाळेत मराठी शिकवते, म्हणजे दिवसभर माझी जीभ चालते. यांची मात्र गाडीच चालायची. शब्दांच्या बाबतीत इतका काटकसरी माणूस मी पाहिला नाही. शेतात वाफ्यावर वाकताना, गुरांच्या पाठीवरून हात फिरवताना, म्हाताऱ्या बायकांना हाताला धरून जीपमध्ये चढवताना त्यांच्या मुद्रेवर एक सौम्य, शरद ऋतूतल्या उन्हासारखी प्रसन्नता असे, पण ओठ मिटलेले. मी भोरच्या पेठेतली. माहेरी नावांचा पुकारा पहाटेपासून चालायचा. इथं आल्यावर माझं नाव जे हरवलं ते हरवलंच. बायकोला नावानं हाक मारायची यांच्या घरात रीतच नव्हती, आणि मीही यांचं नाव उखाण्यापलीकडे कधी घेतलं नाही. हॉर्न वाजवला तर अख्खी आळी दारात येते, म्हणून तोही नाही. मला उशीर व्हायचा तो रोजचाच, आणि हे तसेच चढावर गाडी धरून बसायचे.

गेल्या भातकापणीत हे खळ्यावरच कोसळले आणि पुन्हा उठले नाहीत. जीप गोठ्याशेजारी उभी राहिली, तिच्या टपावर कोंबड्या बसू लागल्या. दीर म्हणाले, "वैनी, इकून टाका. कशाला डोक्याला ताप?" मी म्हटलं, "विकायची नाही. मला चालवायला शिकवा." त्यांनी शिकवली बिचाऱ्यांनी, पण सुटताना गाडी अशी काही थडथडायची की दात वाजत. वेल्ह्याच्या मेकॅनिकनं गिअरबॉक्स उतरवून पाहिला. क्लच पार संपला होता. तो म्हणाला, नवा टाकतो, पण ज्या फ्लायव्हीलवर क्लचची प्लेट टेकते ते आधी भोरला लेथवर घासून आणायला हवं. तो टेम्पोतून पाठवणार होता. मीच हट्टानं पोत्यात घालून एसटीनं निघाले. कंडक्टरनं विचारलं, "काय हाय पोत्यात?" मी म्हटलं, "लोखंड." पायाशी ते जड ओझं घेऊन मी खिडकीबाहेर कापलेली, रिकामी भातखाचरं पाहत बसले.

लेथवाल्या मामांनी रॉकेलचं फडकं फिरवलं आणि काळ्या थराखालून एक विलक्षण दृश्य वर आलं. त्या चकतीवर वर्तुळाकार चरे होते आणि चऱ्यांमधून जागोजाग निळे, जांभळे, मध्येच तांबूस झाक असलेले डाग उमटले होते, उन्हात धरलेल्या पिकल्या जांभळांसारखे. इतकं सुंदर काही आमच्या जीपच्या पोटात दडलेलं असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. मामा म्हणाले, "ताई, घाट चढून असं व्हत न्हाई. ही गाडी चढावर उभी धरून धरून जाळलीया. हँडब्रेक न्हवता व्हय?"

"होता. चांगला होता."

"मग कुनासाठी एवढं धरत व्हते?"

हँडब्रेक ओढला असता तर इंजिन नुसतं मंद फुरफुरत राहिलं असतं, आणि आत मला काही ऐकूच आलं नसतं. तो घुमणारा, थरथरता आवाज म्हणजे माझी हाक होती. इतकी वर्षं रोज सकाळी ते मला हाक मारत होते आणि मी म्हणत होते, जाळा अजून क्लच! मग मला रागच आला. अहो, तोंड होतं ना देवानं दिलेलं! एकदा, एकदा तरी माझं नाव घेतलं असतं तर कुठं बिघडलं असतं? रडू आवरेना, तेव्हा पदरानं फ्लायव्हीलच पुसत राहिले.

"घासू न्हवं?" मामांनी विचारलं. मी म्हटलं, "एखादा डाग ठेवता येईल का?"

"ठिवला तर तितंच गाडी थरथरंल, ताई. नवी प्लेटबी जळंल. समदं एका पातळीत आलं पायजे."

म्हणजे गाडी हवी तर हाक पुसायची, आणि हाक हवी तर गाडी उभी करून ठेवायची. मी तळहात त्या निळाईवर ठेवला. लोखंड गार होतं. मग हात उचलला आणि म्हटलं, "घासा."

लेथ फिरू लागलं. हत्याराच्या टोकाखाली निळं गेलं, जांभळं गेलं, चरे गेले. एक पांढरी, निर्विकार लकाकी तेवढी उरली. खाली पडलेला कीस मूठभर न्यावा असं वाटलं. पण पदराला गंज लावून काय मिळवशील बाई, असं स्वतःलाच दटावून मी पोतं उचललं.

आता जीप लोण्यासारखी सुटते. थडथड नाही, वास नाही. दीर खूश आहेत, शेजारणी कौतुक करतात, आणि मला ती शांतता खायला उठते.

परवा शाळेला निघताना जीप चढावर घेतली आणि पाय आपोआप अर्ध्यावर थांबला. गाडी पुढे जाईना, मागे येईना, नुसती घुमत राहिली. मी घराकडे पाहिलं नाही. समोर तोरण्यावर ऊन उतरत होतं, तिकडेच पाहत बसले. दाराला कुलूप होतं, मीच लावलेलं. आतून कुणी डबा घेऊन धावत येणार नव्हतं. यांना मी तरी कधी नावानं हाक मारली होती? शेवटी तो वास आला, करपलेल्या भाकरीचा, अगदी पुसट. काळानं घासून सपाट केलेली जागाही पुन्हा निळी होते. त्यासाठी न येणाऱ्या माणसासाठी कुणीतरी गाडी धरून बसावं लागतं. होऊ दे निळी.